गिअरची सायकल आणि पंचेचाळिशी

आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात भाच्याने एक प्रश्न टाकला. "कोथरूड ते बाणेर, रोज ऑफिसला सायकलने जायचं ठरवलंय. सिंगल स्पीड घेऊ की गिअरची?"

झालं! एरवी सुप्रभातच्या फुलांपलीकडे न जाणारी मंडळी एकदम जागी झाली. "आमच्या वेळी कुठे होते गिअर? त्याच काळ्या सायकलवर डबलसीट खडकवासल्याला जाऊन यायचो." "गिअर म्हणजे नसती कटकट रे, पावसाळ्यात वाट लागते." एका काकांनी तर लिहिलं की गिअर म्हाताऱ्यांसाठी असतात, तू चांगला तरणाबांड आहेस, पाय कशाला दिलेत देवाने? आणि शेवटी फुगवलेल्या दंडाचं चित्र.

काकांना कल्पना नसेल, पण हा मुद्दा सव्वाशे वर्षं जुना आहे. एका फ्रेंच संपादकाने जवळजवळ याच भाषेत तो मांडला होता आणि त्यापायी जगातल्या सर्वात मोठ्या सायकल शर्यतीत गिअरबदलाच्या यंत्राला कित्येक वर्षं दार बंद होतं. ग्रुपवर एवढं सगळं लिहिलं असतं तर मला काढून टाकलं असतं. म्हणून इथे लिहितोय. (ताई, तू वाचशील हे माहीत आहे. चिरंजीवांना पाठव.)

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. चेन येण्याआधीची ती उंच पुढच्या चाकाची सायकल चित्रात सगळ्यांनीच पाहिलेली असते. तिची पॅडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेली असत. पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. जास्त वेगाने जायचं तर चाक मोठं हवं, आणि चाक किती मोठं हे ठरणार तुमच्या टांगेच्या लांबीवरून. उंच माणसाला साठ इंची चाक झेपायचं, बुटक्याला नाही. म्हणजे तेव्हा गिअर हा अक्षरशः शरीराचा भाग होता. आजही सायकलवाले गिअर "इंचात" मोजतात, तो हिशोब या उंच सायकलीवरून आलाय.

१८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीने "रोव्हर" सायकल काढली. साधारण सारख्या आकाराची दोन चाकं, मधे पॅडल, मागच्या चाकाला चेन. आपण आज जिला सायकल म्हणतो ती हीच. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, डनलॉपने हवेचा टायर आणला आणि बसणाऱ्यांची हाडं वाचली. पण माझ्या मते या सगळ्यात मोठी गोष्ट कुठली घडली असेल, तर चेनमुळे गिअरचा आणि टांगेचा संबंध तुटला ही. पुढच्या चक्रावर किती दात आणि मागच्या चक्रावर किती, एवढ्यावर सगळं ठरू लागलं. आणि दात ठरवता येतात म्हटल्यावर कुणाच्या तरी डोक्यात येणारच, की एकाच सायकलवर ते बदलता आले तर?

हे ज्यांच्या डोक्यात आलं त्यातले एक म्हणजे पॉल द व्हिव्ही. जन्म १८५३ चा. मूळचा रेशमाचा व्यापारी, सायकलच्या नादी लागून व्यापार सोडला आणि फ्रान्समधल्या सेंत-एतिएन या गावी सायकलवरचं मासिक चालवू लागला. लिहायचा "व्हेलोसिओ" या टोपणनावाने. शाकाहाराचा पुरस्कर्ता, एस्परांतो या जागतिक भाषेचा प्रचारक, आणि लांब लांब सायकल चालवण्याचं वेड. (सदाशिव पेठेत जन्मला असता तर कुणाला फारसं नवल वाटलं नसतं.) सेंत-एतिएन हे सायकलच्या कारखान्यांचं गाव, आणि गावाबाहेर पडलं की लगेच घाट. जवळचीच कोल द ला रेप्युब्लिक ही खिंड ११६१ मीटर उंच. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला एकाच गिअरने जगणं किती कठीण, हे रोजच कळत असणार. व्हेलोसिओने वर्षानुवर्षं आपल्या मासिकातून एकच घोष लावला: सायकलला एकाहून जास्त गिअर हवेत. शर्यतवाल्यांसाठी नव्हे हं! साध्या माणसासाठी, फिरायला निघालेल्यासाठी, ज्याला घाटाच्या माथ्यावर पोचून आजूबाजूला बघण्याइतका दम शिल्लक ठेवायचाय त्याच्यासाठी.

दुसऱ्या बाजूला होते आंरी देग्रांज. हे स्वतः शर्यतपटू. १८९३ साली पॅरिसच्या ट्रॅकवर एका तासात ३५.३२५ किलोमीटर कापून त्यांनी विक्रम केला होता, अर्थात एकाच गिअरवर. पुढे "लोतो" या क्रीडा वृत्तपत्राचे संपादक झाले आणि १९०३ साली पेपरचा खप वाढावा म्हणून त्यांनी एक शर्यत सुरू केली. तीच तूर द फ्रान्स.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९०२ मध्ये, फ्रान्समधल्या एका पर्यटक संघटनेने डोंगराळ रस्त्यावर गिअरच्या सायकलींची चाचणी घेतली होती. गिअरवाल्यांनी त्यात चांगलंच नाव काढलं, आणि तीन गिअरच्या सायकलवर तो रस्ता पार करणाऱ्यांत मार्त एस नावाची एक बाईही होती असं सांगतात. यावर देग्रांज यांनी जे लिहिलं ते सायकलच्या इतिहासात अजून उगाळलं जातं. त्याचा मथितार्थ असा, की गिअर बदलणं हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहे. यंत्राच्या करामतीपेक्षा स्वतःच्या स्नायूंच्या जोरावर जिंकण्यातच मजा आहे. आपण फार मऊ पडत चाललोय, मला आपली एकाच गिअरची सायकल द्या.

गंमत बघा. हे लिहिताना देग्रांज सदतीस वर्षांचे होते. व्हेलोसिओ एकोणपन्नास. म्हणजे टोमणा अगदी नेमका बसत होता. पण रोज सायकलवर घाट चढून उतरणारा कोण, आणि खुर्चीत बसून पेपर चालवणारा कोण, हेही लक्षात घ्या.

तर तूर द फ्रान्समध्ये गिअर बदलणारं यंत्र चालत नसे. पहिल्याच वर्षी, १९०३ मध्ये, ही शर्यत गेली ती व्हेलोसिओच्या त्याच कोल द ला रेप्युब्लिक खिंडीवरून! १९१० मध्ये तर शर्यत थेट पिरेनीजमध्ये नेली, २११५ मीटरच्या तूरमाले खिंडीवर. तेव्हा रस्ते कच्चे, सायकली जड. यावर शर्यतपटूंनी काढलेला तोडगा असा: मागच्या चाकाच्या एका बाजूला एक चक्र, दुसऱ्या बाजूला जास्त दातांचं दुसरं. चढाच्या पायथ्याशी उतरायचं, चाकाचे नट सोडवायचे, चाक काढून उलटं बसवायचं, चेन ताणायची, नट आवळायचे, पुन्हा निघायचं. माथ्यावर पोचल्यावर परत तेच. म्हणजे गिअर बदलायला कुणाचीच हरकत नव्हती. हरकत होती ती सीटवर बसल्या बसल्या बदलायला. उतरून, हात काळे करून, गारठलेल्या बोटांनी नट पिळून बदललात तर ती मर्दुमकी.

इटलीच्या तुल्लिओ कांपान्योलोची गोष्ट यातलीच. १९२७ च्या नोव्हेंबरात एका बर्फाळ खिंडीत त्याची बोटं इतकी गारठली की चाकाचे नटच सुटेनात, आणि शर्यत हातची गेली. त्यातून त्याने पुढे दांडी फिरवली की चाक सुटेल अशी सोय काढली, असं सांगतात. गोष्टीत थोडं मीठमसाला असेलही, पण सोय खरी आहे. आज भाच्याने कुठलीही बऱ्यापैकी सायकल घेतली तरी तिच्या चाकाला ती दांडी असण्याची शक्यता बरीच.

व्हेलोसिओ १९३० च्या फेब्रुवारीत गेले. ट्रामचा धक्का लागून. गिअरला शर्यतीत मान मिळालेला त्यांना बघायला मिळाला नाही. देग्रांज १९३६ मध्ये आजारपणामुळे शर्यतीच्या कारभारातून बाजूला झाले आणि दुसऱ्याच वर्षी, १९३७ मध्ये, तूर द फ्रान्समध्ये गिअर बदलायच्या यंत्राला मोकळीक मिळाली. "डिरेलर" या शब्दाचा मूळ अर्थच रुळावरून घसरवणारा. चेन एका चक्रावरून मुद्दाम घसरवून दुसऱ्यावर टाकणारा तो चिमटा. आपण लहानपणी चेन पडली म्हणून रडायचो, तिकडे चेन नीट पडावी म्हणून पेटंटं निघत होती.

आता तुम्ही म्हणाल, शर्यतींचं ठीक आहे हो, रोज कामावर जाणाऱ्याचं काय? तर त्याचं उत्तर फ्रान्समध्ये नाही, इंग्लंडमध्ये सापडतं. आणि ते जास्त महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडची काळी सायकल तिथूनच आली.

नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचे फ्रँक बोडेन यांनी १९०२ साली तीन गिअरच्या एका यंत्रासाठी वेगळी कंपनी काढली. तिचं नाव पुढे स्टर्मी-आर्चर पडलं. हे यंत्र म्हणजे मागच्या चाकाच्या मधोमध बसणारी बंद डबी, हब. आत मधोमध एक न फिरणारं दातेरी चाक, त्याला "सूर्य" म्हणतात, आणि त्याच्याभोवती फिरणारे छोटे दातेरी "ग्रह". पृथ्वीच्या पाठ्यपुस्तकासारखं. हँडलवरचा खटका ओढला की कोण कुणाला फिरवतो हे बदलतं. १९३६ साली त्यांनी जो हब काढला त्याचं गणित फार सुटसुटीत होतं: मधला गिअर नेहमीचा, खालचा त्याच्या पाऊणपट, वरचा त्याच्या सव्वापटीहून किंचित जास्त. सगळं डबीत बंद. पाऊस, चिखल, धूळ यांचा त्रास नाही. चेनही एकच, सरळ, आणि तिच्यावर पूर्ण चेनकव्हर घालता येतं. अधूनमधून दोन थेंब तेल सोडलं की झालं.

इंग्लंडमध्ये तो हब घातलेली सायकल पोस्टमन चालवत, पाद्री चालवत, शाळामास्तरणी चालवत. तिथे कुणी त्यांना मर्दुमकी विचारली नाही. शर्यतीच्या अभिमानाचा आणि रोजच्या रस्त्याचा तसा संबंधच नव्हता.

आणि त्याच कारखान्यांच्या सायकली जहाजाने मुंबईला उतरत. रॅले, हर्क्युलिस, बी.एस.ए., हंबर. आजोबांच्या पिढीत ही नावं सोन्याच्या पेढ्यांसारखी घेतली जात. पण इथे येणारी बहुतेक सायकल सिंगल स्पीड. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे कारखाने निघाले. मद्रासला टी.आय. सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला १९५१ मध्ये अॅटलस, लुधियानाला १९५६ मध्ये हिरो. यांनी तीच विलायती चौकट उचलली. अठ्ठावीस इंची चाकं, सळईचे ब्रेक, मजबूत कॅरियर, मागचा स्टँड आणि एकच गिअर. ती चौकट जी गोठली ती गोठलीच. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला बंद पडला (तो नेमका जागतिक सायकल दिन होता, नशिबाचीही थट्टा असते), तरी तिच्यासारखी काळी सायकल अजून गावोगाव मिळते.

यात वाईट काय होतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर बऱ्याच जणांसाठी काहीच नाही. कमी भाग म्हणजे कमी किंमत आणि कमी बिघाड. कुठल्याही गावात झाडाखाली एक पाना, एक पंप आणि पाण्याचं घमेलं घेऊन बसलेला माणूस ती उघडून पुन्हा जोडू शकतो. एका कंपनीचं फ्रीव्हील दुसरीला चालतं. दिवाळीच्या सुट्टीत सायकल ओव्हरऑइलिंगला टाकायची, संध्याकाळी कोरीकरकरीत होऊन यायची. दूधवाला दोन कॅन लटकवून जातो, मुंबईचे डबेवाले डबे लावून जातात, त्यांना गिअर नकोच. त्यांचा रस्ता सपाट आणि ओझं जड, तिथे मोडण्यासारखं काही नसणं हाच मोठा गुण. बिहार सरकारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलींसाठी पैसे दिले आणि गंगेच्या सपाट मैदानातल्या पोरी साध्या सायकलींवर शाळेत जाऊ लागल्या. त्यांना सात गिअरची सायकल दिली असती तर निम्म्या पावसाळ्यातच अंगणात उभ्या राहिल्या असत्या. तेव्हा सिंगल स्पीडला नावं ठेवायचा माझा अजिबात विचार नाही.

पण पुणं सपाट नाही.

माझी आई शिक्षिका होती. आमचं घर तेव्हा लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूला आणि तिची शाळा टेकडीच्या पलीकडे, गणेशखिंडीकडे. आज ज्याला सेनापती बापट रस्ता म्हणतात त्या वाटेने तिला जावं लागे. लेडीज सायकल, पाचवारी साडी, हँडलला वह्यांची पिशवी. त्या चढावर ती रोज उतरायची आणि सायकल ढकलत माथ्यापर्यंत चालत जायची. जाताना एकदा, येताना पलीकडच्या बाजूने पुन्हा एकदा. वर्षानुवर्षं. तिचे सहकारी सर बहुधा तिच्या शेजारून उभं राहून पॅडल मारत पुढे जायचे आणि वर थांबून वाट बघायचे. ती घरी आल्यावर म्हणायची, "माझ्यात मेली ताकदच नाही."

ती सायकल अजून आमच्या मागच्या बोळात आहे. भाच्याच्या प्रश्नाच्या निमित्ताने मी जाऊन तिचे दात मोजले. पुढे ४४, मागे १८. चाक २६ इंची. म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ पाच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी अठरा किलोमीटर. सपाट रस्त्यावर हे झकास. ज्याने हे दात ठरवले त्याने सपाट रस्ता आणि मध्यम माणूस डोळ्यासमोर ठेवून अगदी योग्य ठरवले.

आता चढाचं बघू. शंभर मीटरला पाच मीटर असा चढ धरू, फार उभा नाही. आई पन्नास किलोची आतच, सायकल आणि वह्या मिळून पंचवीस. गुरुत्वाकर्षण आणि टायरचं घर्षण मिळून साधारण ४५ न्यूटन तिला मागे ओढणार. हे पाच मीटरच्या फेऱ्याने गुणलं आणि पॅडलच्या वर्तुळाच्या परिघाने, म्हणजे एक मीटरच्या थोडं वर, भागलं की पॅडलवर सतत सुमारे २२ किलोचा दाब लागतो असं निघतं. पण पाय सतत सारखा दाब देत नाही. पॅडल खाली जाताना जोर, वरच्या आणि खालच्या टोकाला जवळजवळ शून्य. म्हणजे जोराच्या क्षणी दुप्पट धरा, ४४ किलो. आईचं जवळजवळ सगळं वजन! दर पावलाला सगळं शरीर एका पॅडलवर टाकायचं, आणि तेही साडी नेसून, पिशवी सांभाळत. सर सत्तर किलोचे होते आणि पँट घालायचे. ते उभे राहू शकत होते.

त्याच सायकलच्या मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरची डबी असती, तर खालच्या गिअरला तो दाब पाऊणपट झाला असता, ४४ चा ३३ किलो. आणि आजची बाजारातली साधी गिअरची सायकल घेतली, तिच्यात पुढचं लहान चक्र २८ दातांचं आणि मागचं मोठंही २८ चं, तर एका फेऱ्यात सायकल फक्त दोन मीटर पुढे जाते. दाब अठराच्या आसपास. मिनिटाला साठ फेऱ्यांनी ताशी साडेसात किलोमीटर. चालण्यापेक्षा जलद, बसूनच, आणि घाम बेताचा.

ताकद वाढत नाही, हे नीट लक्षात घ्या. गिअर फुकट काही देत नाही. टेकडी तेवढीच, काम तेवढंच. फक्त ते काम जास्त फेऱ्यांत वाटून दिलं जातं. एका हंड्याऐवजी तीन कळश्यांनी पाणी आणावं तसं. हंडा उचलता आला नाही म्हणून कुणी बाईला कमकुवत म्हणत नाही, कळशी देतात.

देग्रांजच्या त्या टोमण्यात मला खुपतं ते हेच. आपल्याकडे गिअर आले नाहीत ते बंदीमुळे नव्हे, किंमत, दुरुस्ती, ओझं अशा खऱ्याखुऱ्या कारणांनी. पण आले नाहीत म्हटल्यावर मागाहून आपण त्याला तत्त्वज्ञान चिकटवलं: गिअर म्हणजे लाड, गिअर म्हणजे म्हातारपण. आणि त्या तत्त्वज्ञानाने ज्यांना गिअरची खरी गरज होती तेच गप्प बसले. पेठांतून शाळा-ऑफिसला जाणाऱ्या बायका, साठीतले कारकून, चढावर राहणारे. त्यांनी उतरून ढकलली आणि दोष स्वतःच्या पायांना दिला.

असो. भाच्याच्या प्रश्नाकडे येतो, नाहीतर म्हणेल मामाने पुन्हा विषयांतर केलं.

बाबा रे, कोथरूड आणि बाणेर यांच्या मधे वेताळ टेकडीची रांग बसली आहे. चांदणी चौकाकडून जा नाहीतर सेनापती बापट रस्त्याने, चढ चुकत नाही. तेव्हा गिअरची घे. तू सांगली-मिरजेला असतास किंवा दादर ते परळ जायचं असतं, तर मी डोळे झाकून सिंगल स्पीड म्हटलं असतं आणि उरलेल्या पैशांत चांगलं कुलूप आणि दिवा घे म्हणालो असतो. पण "२१ गिअर" असं ठळक लिहिलंय म्हणून भुलू नकोस. पुढे तीन आणि मागे सात म्हणजे एकवीस हे गुणाकारापुरतं. त्यातले बरेच एकमेकांच्या इतके जवळ असतात की पायाला फरक कळत नाही, आणि मोठ्या चक्रावरून मोठ्यावर तिरकी चेन चालवली तर ती लवकर झिजते. पुढे एकच चक्र आणि मागे सात-आठ, एवढं तुला भरपूर. हबच्या आतल्या गिअरची चांगली सायकल कुठे मिळाली तर तीच उचल. स्टर्मी-आर्चर नॉटिंगहॅमहून २००० साली तैवानच्या कंपनीकडे गेली, पण नाव आणि डबी दोन्ही चालू आहेत.

"पावसात कटकट" म्हणणाऱ्यांचं खोटं नाही. उघड्या चेनवर आपल्या रस्त्यांचा चिखल बसतो. आठवड्यातून एकदा फडक्याने पुसून तेल द्यावं लागेल, आणि चेन नीट पडेनाशी झाली की केबलचा ताण अर्धा फेरा कमीजास्त करायला शिकावं लागेल. ते अवघड नाही. १९८४ मध्ये शिमानोने खटक्यागणिक बरोबर एकेक चक्र बदलणारी पद्धत आणली, तेव्हापासून अंदाजाने दांडी सरकवत बसायची गरजही संपली. (हीच शिमानो १९२१ साली जपानमधल्या साकाई गावात सुरू झाली ती साधं सिंगल स्पीडचं फ्रीव्हील बनवून. सगळ्यांची सुरुवात तिथूनच असते म्हणा.) मडगार्ड मात्र दोन्ही पूर्ण लांबीची लाव. मडगार्ड नसलेली सायकल दिसते झोकदार, पण ऑफिसात पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन जाशील.

आणि काकांना सांग, ज्या सायकलवर ते खडकवासल्याला जायचे ती वाट धरणाच्या बाजूने बरीचशी सौम्य चढाची आहे. त्यांचे पाय तेव्हा दणकट होते, यात शंका नाही. पण त्यांनी आईच्या वाटेने, आईच्या वजनात, साडी नेसून एकदा जाऊन बघायचं होतं.

सायकलला गिअर का आले नाहीत याचं एक कारण मी मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण ते माझं स्वतःचं आहे आणि कुणाला पटेल न पटेल. ज्या मध्यमवर्गाने गिअरसाठी चार पैसे जास्त मोजले असते, तो वर्ग ते मोजायच्या वेळेला सायकलवरून उतरलाच. बजाजच्या स्कूटरला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत. आणि १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना आणली. पन्नास सीसीचं इंजिन, हलकी, बायकांना झेपणारी. चढावर उतरून ढकलणाऱ्यांना हवं होतं ते मिळालं, फक्त त्याला पेट्रोल लागायचं.

आमच्याकडे लूना आली ती १९८० नंतर. आईने पहिल्या दिवशी शाळेत जाऊन आल्यावर पदराने घाम पुसण्याचा अभिनय करून दाखवला, कारण घाम आलाच नव्हता. लूनाला सायकलसारखी पॅडल होती आणि तिलाही बदलायचे गिअर नव्हते. मला मागे बसवून ती त्याच चढावर निघाली, की निम्म्यावर इंजिन कुरकुरायला लागायचं. मग आई खालचा ओठ दाताखाली धरून पॅडल मारायला लागायची, आणि मी मागून उतरून चालायला लागायचो.